खिल्लारचे बालपण : माणदेशाच्या माळावरून कृष्णाकाठच्या काळ्या रानापर्यंत

१/१९
खिल्लारविषयी बोलायचे म्हटले की आपण शिंगांपासून सुरुवात करतो. मागे झुकून वर गेलेली लांब शिंगे, पांढरा किंवा काजळी रंग, काळे कठीण खूर, भरधाव चाल. मग गोष्ट रक्ताकडे वळते : वळू कोणाचा, गाय कोणत्या दावणीची. या थ्रेडमध्ये त्याच जनावराची कमी सांगितली गेलेली बाजू पाहायची आहे, ती म्हणजे त्याचे बालपण. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील पशुपालनाचा दीडशे वर्षांचा इतिहास नीट पाहिला, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जात रक्तातून उतरते हे खरे. पण तिचे जनावर घडते आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत.

२/१९
आधी भूगोल. आजचे हे दोन जिल्हे पूर्वी बऱ्याच अंशी एकच मुलूख होते. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या मुलखाच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेला सव्वाशे किलोमीटरवर म्हसवड. माण, आटपाडी, जत या पट्ट्यात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. या दोहोंच्या मध्ये कऱ्हाड, वाळवा, मिरज ही कृष्णाकाठची काळी, चिकट, भारी जमीन. एका बाजूला माळ, दुसऱ्या बाजूला काळे रान. या मुलखातील गुरांचा इतिहास या दोन जमिनींच्या देवघेवीतून उभा राहिला.

३/१९
‘खिल्लार’ म्हणजे मुळात गुरांचा कळप, आणि कळप राखणारा तो खिल्लारी. म्हणजे या जातीला नाव मिळाले ते राखणदारीवरून. म्हैसूरकडच्या हळ्ळीकार वळणाच्या गुरांशी तिचे नाते पशुतज्ज्ञ जोडतात. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या सातारा खंडातही खिल्लारींची दखल आहे. पुढे या जातीचे प्रकार नोंदवले गेले तेव्हा त्यांना नावे पडली ती वाढीच्या जागांची : ‘म्हसवड खिल्लार’, ‘आटपाडी महाल खिल्लार’. आटपाडी हा औंध संस्थानाचा एक महाल. ते संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, महालही कागदावरून गेला. गुरांच्या नावात मात्र तो अजून जिवंत आहे.

४/१९
जागेचे नाव जातीला का चिकटले? कारण येथे कामाची एक जुनी वाटणी होती. गाई-वासरांचे कळप कोरड्या पूर्वेला, माळावर. भारी नांगरटीचे, मोटेचे आणि वाहतुकीचे काम मोठ्या प्रमाणावर नदीकाठी. काळ्या रानातील शेतकऱ्याला बैल हवा असे. पण पिकाखालच्या जमिनीवर गाईंचे खिल्लार बाळगणे त्याला परवडत नसे. म्हणून तरणे खोंड जत्रेतून येत. खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा किंवा पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा आजही जनावरांच्या बाजारासाठी ओळखली जाते. या बाजारांत देवदर्शनाबरोबर माळावरचे बालपण काळ्या रानाच्या हाती सोपवले जाई. गिऱ्हाईक दात पाही : खोंड आदत आहे, दुसा आहे की चौसा. दातावरून वय कळे. चालीवरून, खुरावरून आणि अंगाच्या ठेवणीवरून ते वय कसे गेले तेही कळे.

५/१९
माळ वासराला काय देत असे? पहिली गोष्ट म्हणजे चाल. पाणी एका अंगाला आणि चारा दुसऱ्या अंगाला असल्यामुळे आईबरोबर रोज मैलोगणती हिंडणे आलेच. मुरमाड, खडकाळ जमिनीवर खूर घासून घट्ट होत. वाढत्या वयातील हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे बळकट होते, हे शरीरशास्त्राचे साधे तत्त्व आहे आणि ते गुरांनाही लागू पडते. ज्या खोंडाने दोन वर्षे उतरण-चढण पाहिली, तो पुढे खडीच्या रस्त्यावर गाडी ओढताना लवकर लंगडत नाही. हीच जात दावणीला बांधून वाढवली तर शिंगे तीच येतील, रंगही तोच येईल. पायांविषयी मात्र खात्री देता येणार नाही.

६/१९
दुसरी गोष्ट म्हणजे खाण्याची अक्कल. कुसळी गवत केव्हा कोवळे असते, बाभळीच्या शेंगा कधी गळतात, कोणत्या झुडपाला तोंड लावायचे नाही, हे वासरू आईच्या तोंडाकडे पाहून शिकते. अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठात फ्रेड प्रोव्हेन्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषयावर अनेक वर्षे काम केले. कोकरांना लहानपणी आईसोबत थोडे दिवस गहू चाखू दिला, तर तीन वर्षांनंतरही ती त्याला ओळखीचे अन्न मानून खातात. ज्यांनी तो आधी पाहिलेला नसतो ती बिचकतात. माळावरचे गुराखी हे न मोजता जाणत होते. परक्या मुलखातून आणलेले जनावर दुष्काळात आधी बसते आणि इथले तग धरते. या तग धरण्यात शिकवणुकीचाही वाटा असतो.

७/१९
तिसरी गोष्ट म्हणजे दूध. खिल्लार गाय दूध देते बेताचेच, आणि चांगल्या खोंडाची आशा असेल तर तेही घरात येत नसे. सगळी कास वासराला सोडलेली असे. कमी पडले तर दुसऱ्या गाईचे किंवा शेळीचे दूध पाजले जाई. ज्या घरात पोरांना ताकावर भागवावे लागे, त्या घरात खोंड मात्र दुधावर वाढे. याला नुसती माया म्हणून चालणार नाही. तो हिशेब होता. दोन-तीन वर्षांनी जत्रेत उभ्या राहणाऱ्या त्या खोंडावर कर्ज, लग्न, विहीर यांपैकी काहीही अवलंबून असू शके.

८/१९
या हिशेबाला पुढे प्रयोगशाळेने दुजोरा दिला. न्यूझीलंडचे सी. पी. मॅकमीकन यांनी केंब्रिज येथे डुकरांवर केलेले प्रयोग १९४० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. एका गटाला लहानपणी भरपूर खाद्य आणि नंतर कमी. दुसऱ्याला लहानपणी कमी आणि नंतर भरपूर. शेवटी दोन्ही गटांचे वजन सारखे भरले, पण शरीरे वेगळी निघाली. लहानपणी पोटभर खाल्लेल्यांत हाड आणि मांस अधिक, तर उशिरा खाल्लेल्यांत चरबी अधिक. म्हणजे वाढीच्या प्रत्येक टप्प्याचा एक हंगाम असतो. तो निघून गेल्यावर ओतलेले खाद्य वजन भरून काढते. चुकलेली बांधणी त्याने पुरी होत नाही. बैलाचे मोल त्या बांधणीतच असते.

९/१९
आता त्याच गोठ्यातील दुसरे वासरू पाहू : कालवड. सगळे दूध खोंडाला, मग कालवडीच्या वाट्याला काय? बहुधा उरलेले, आणि लवकर तोडलेले. बाजारात किंमत खोंडाला होती, त्यामुळे हे समजण्याजोगे आहे. पण यात एक खोट होती आणि तिचा हिशेब कोणी मांडत नसे. उद्याचा खोंड याच कालवडीच्या पोटी येणार होता.

१०/१९
१९३८ मध्ये केंब्रिजचेच आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अवाढव्य शायर घोडे आणि बुटकी शेटलंड तट्टे यांचा दोन्ही बाजूंनी संकर करण्यात आला. शरीराच्या आकारात एवढा फरक असल्यामुळे त्यासाठी कृत्रिम रेतन वापरावे लागले. दोन्ही प्रकारच्या शिंगरांत रक्त निम्मे-निम्मेच. तरीही शायर घोडीच्या पोटची शिंगरे जन्मतः शेटलंड घोडीच्या शिंगरांच्या सुमारे तिप्पट वजनाची निघाली, आणि मोठेपणीही तो फरक पुरता मिटला नाही. रक्त सारखे, कूस वेगळी. म्हणून जनावर वेगळे. आपल्या गोठ्याच्या भाषेत सांगायचे तर कालवडीची उपासमार तिच्यापाशी थांबत नाही. खुरटलेल्या गाईच्या पोटी आलेला खोंड जन्मायच्या आधीच मार खाऊन येतो.

११/१९
जन्माच्या दिवशीही अशीच एक परीक्षा असते. माणसाच्या बाळाला रोगप्रतिकारक द्रव्ये आईच्या वारेतून पोटातच मिळतात. गाईच्या वारेतून ती जात नाहीत. वासरू त्या बाबतीत जवळजवळ रित्या हाताने जन्मते आणि त्याची सारी शिदोरी चिकात असते. ती शोषून घेण्याची आतड्याची शक्ती पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते आणि दिवसभरात संपते. तरीही ‘वार पडल्याशिवाय वासराला पाजू नये’ ही समजूत खेडोपाडी दीर्घकाळ टिकली. वार पडायला अर्धा दिवस लागला तर तेवढ्यात वासराचे नशीब ठरून जाई. परंपरेत दूध राखण्याचे शहाणपण होते आणि हे अज्ञानही होते. इतिहास लिहिताना दोन्ही नोंदवावी लागतात.

१२/१९
माळावरच्या या गरीब पण कसदार बालपणाच्या शेजारीच एक श्रीमंत बालपण घडवण्याचा प्रयत्न झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत कृष्णाकाठच्या दक्षिणी मराठा संस्थानिकांनी, त्यांत सांगलीही आली, चिकट काळ्या जमिनीसाठी जबर ताकदीचे बैल तयार करण्याचे मनावर घेतले. गीर, ओंगोल, काँक्रेज आणि म्हैसुरी वळणाची स्थानिक गुरे यांच्या मिश्रणातून ‘कृष्णा खोरे’ ही जात आकाराला आली : थोराड, संथ, चिखलात रुतलेला नांगरही बाहेर ओढणारी. तिची कीर्ती सातासमुद्रापार गेली. अमेरिकेतील ‘ब्राह्मन’ या गोवंशाच्या पूर्वजांत गीर, गुजरात आणि नेल्लोर यांच्याबरोबर कृष्णा खोऱ्याचेही नाव घेतले जाते.

१३/१९
आज ही जात तिच्या मायभूमीत विरळ झाली आहे. संस्थाने गेली, ट्रॅक्टर आले, ही कारणे आपण जाणतोच. पण बालपणाच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक कारण दिसते. एवढे मोठे अंग उभे करायला लहानपणी भरपूर दूध आणि बारमाही चारा लागतो. तो खर्च दरबाराला आणि मोठ्या वतनदाराला झेपणारा होता. चार-पाच एकरांच्या कुणब्याला तो नेहमीच जड. आश्रय आटला आणि त्या बालपणाचा धनी उरला नाही. खिल्लारचे बालपण मात्र गायरानावर आणि आईच्या कासेवर भागत होते, म्हणून ती जात अधिक काळ टिकली. जातीचे आयुष्य तिच्या वासरांच्या खर्चावर अवलंबून असते, असा याचा अर्थ मी लावतो.

१४/१९
या मुलखातील बालपणाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दुष्काळ. १८७६–७८, १८९६–९७, १८९९–१९०० आणि पुढे १९७२. दुष्काळात शेतकरी बैल शेवटपर्यंत धरून ठेवतो, कारण पाऊस आला तर पेरायचे आहे. गाय आटते, वासरू आधी जाते. जे जगते त्याची वाढ खुंटते. दुष्काळ सरल्यावर बैलांची किंमत भडकते ती याच रिकाम्या राहिलेल्या पिढीमुळे. १९२६ मध्ये नेमलेल्या आणि लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात हे चक्र नेमके दाखवले : चारा अपुरा, म्हणून गाई कमजोर, त्यांची वासरे खुरटी, म्हणून कामाला पुरेसे बैल मिळावेत यासाठी आणखी गाई पाळणे, आणि त्यामुळे चारा आणखी अपुरा. चक्राच्या मधोमध उपाशी वासरू उभे होते. आयोगाला ते दिसले. माळावरच्या चाऱ्याचे दुखणे मात्र पुढेही राहिले.

१५/१९
२०१२–१३ च्या दुष्काळात माणमध्ये चारा छावण्या उभ्या राहिल्या. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनच्या छावणीत हजारो जनावरे आणि त्यांच्यामागे आलेली माणसे महिनोन्‌महिने राहिली. छावण्यांनी माणदेशाचे पशुधन वाचवले, यात शंका नाही. मात्र सरकारी अनुदानाच्या तक्त्यात जनावरे दोनच असतात : मोठे आणि लहान, आणि लहानाला मोठ्याच्या निम्मे. पोटाच्या मापाने हे ठीक आहे. गाभण गाय आणि दूध तुटलेले वासरू यांची गरज मात्र मापापेक्षा प्रकाराने वेगळी असते. छावणीत बहुधा मिळे ते नदीकाठच्या उसाचे वाढे. वाढ्यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. मोठा बैल त्यावर काही महिने काढतो, हाडे घडत असलेल्या वासराला त्याची झळ अधिक बसते. माळ पूर्वी काळ्या रानाला खोंड देई. आता काळे रान माळाला वाढे देते. देवघेव चालूच आहे, फक्त तिची दिशा बदलली.

१६/१९
दरम्यान गोठाच बदलला होता. भिलवडीला चितळ्यांचा दुग्धव्यवसाय १९३९ मध्येच सुरू झाला होता. १९६७ मध्ये उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी ‘बाएफ’ची स्थापना केली, १९७० मध्ये दूध महापूर योजना आली, आणि होल्स्टीन व जर्सीच्या संकरित गाई दारोदार पोहोचल्या. त्यांनी कोरडवाहू घरांत दर दहा दिवसांनी हातात पडणारा पैसा आणला. या उपकाराला कमी लेखण्याचे कारण नाही. पण बालपणाचे गणित उलटले. खिल्लारच्या गोठ्यात दूध वासराचे होते. संकरित गोठ्यात दूध डेअरीचे झाले आणि वासरू त्या दुधाचे भागीदार ठरले. कालवडीला भाव आला, गोऱ्ह्याचा भाव गेला. काल जो उपाशी राही तो आज पोटभर पितो आणि काल जो पोटभर पीत होता तो आज उपाशी आहे.

शिवाय ऊन आहे. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधनात दिसून आले, की विण्याआधीच्या भाकड काळात उन्हाचा ताण सोसलेल्या गाईंच्या मुली पुढे पहिल्या वेतात दूध कमी देतात. त्यांच्या नातींपर्यंत हा परिणाम आढळला आहे. माणच्या वैशाखात पत्र्याखाली बांधलेल्या गाभण गाईला सावली देणे म्हणजे दोन पिढ्यांच्या दुधाची तजवीज करणे होय.

१७/१९
रक्त आणि बालपण यांची सांगड विचारपूर्वक घालण्याचा एक प्रयत्न सातारा जिल्ह्यातच झाला, आणि तो मेंढ्यांवर. फलटणला १९६८ मध्ये बी. व्ही. निंबकर यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. दख्खनी मेंढी एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातील लहानखुरी गारोल मेंढी जुळी-तिळी देते. तिच्यातील या गुणाचे कारण असलेला जनुक-बदल २००१ मध्ये उलगडला. गंमत अशी, की १७९० च्या दशकात बंगालहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांमार्फत तोच बदल तिथल्या ‘बुरूला’ मेरिनोत उतरलेला होता. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो गुण दख्खनी कळपात आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली.

पण जुळे म्हणजे काय? प्रत्येक कोकरू वजनाला हलके आणि एका कासेवर दोन तोंडे. मेंढक्यांचे वाडे दिवाळीनंतर चाऱ्यामागे वाट धरतात, तेव्हा नवजात कोकरे घोड्यावर लादून न्यावी लागतात. अशा वाटेवर दुसरे कोकरू हा लाभ की ओझे, हे दुधावर ठरते. म्हणून या कळपात दुधासाठी इस्राएलची अवासी मेंढीही मिसळण्यात आली, आणि गाभण व ओल्या मेंढीच्या खुराकावर भर देण्यात आला. जनुकाने कोकरू जन्माला घातले. त्याला जगवले ते कासेने आणि मेंढपाळाच्या लक्षाने. तिळी टाळावीत म्हणून या गुणाची एकच मात्रा मेंढीत असणे पसंत केले जाते, यातही तोच विचार आहे.

१८/१९
आता आजच्या खिल्लारकडे परतू. ७ मे २०१४ च्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला पुन्हा परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. शर्यतीमुळे खिल्लार खोंडाला पुन्हा गिऱ्हाईक आले. आदत गटात पळणाऱ्या खोंडाला आज दूध, अंडी, बदाम मिळतात. त्याची निगा डोळ्यांत तेल घालून राखली जाते. पण हे बालपण शर्यतीच्या खोंडाचे, एकेका दावणीचे. कळपाचे बालपण त्यातून परत येत नाही. टेंभू, म्हैसाळ या योजनांचे पाणी कोरड्या पूर्वेपर्यंत पोहोचले. माळावर डाळिंब आणि ऊस उभा राहिला. दुष्काळाने पिचलेल्या माणसांच्या आयुष्यात ते पाणी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ते आले हे चांगलेच झाले. मात्र ज्या माळाने खिल्लारचे पाय घडवले, तो माळ प्रत्येक फाळाबरोबर आक्रसत गेला.

१९/१९
देशी वंश जपण्याची आजची सर्वांत प्रगत पद्धत म्हणजे वीर्यकांडी : द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला. तिच्यात खिल्लारचे रक्त पन्नास वर्षेही सुखरूप राहील. तिच्यात माळ साठवता येत नाही, कुसळीचा हंगाम साठवता येत नाही, वासराला पुढे घालून चालणारी अनुभवी गाय साठवता येत नाही. या गोष्टी दर पिढीला नव्याने द्याव्या लागतात, आणि एक पिढी जरी खंड पडला तरी शिकवणारी आईच उरत नाही.

यासाठी फार मोठ्या योजना लागतात असेही नाही. गावाच्या नावावर असलेले गायरान गावाच्या गुरांसाठी मोकळे राहावे. चीक पहिल्या तासातच वासराच्या पोटात जावा आणि खरवसाची वाटणी त्यानंतर व्हावी. कालवडीला खोंडाइतके दूध मिळावे. छावणीच्या तक्त्यात गाभण गाय आणि वासरू यांचा वेगळा रकाना असावा. गाभण गाईवर उन्हाळ्यात सावली असावी. यांतील बहुतेक गोष्टी माणदेशातील जुन्या गुराख्याला नव्या वाटणार नाहीत, आणि ज्या एक-दोन वाटतील त्या त्याने तोट्याच्या वर्षांतून ओळखल्याच असतील.

आपल्या घरी किंवा गावी खोंड वाढवण्याची, वासरू पाजण्याची, कालवड राखण्याची काही वेगळी रीत असेल तर खाली जरूर नोंदवा. गॅझेटियरमध्ये शिंगांचे वर्णन सापडते. वासराच्या वाट्याला किती सड येत होते, हे घरातल्या जुन्या माणसांनाच ठाऊक असते.